बालविभागाचं कपाट मोठ्यांसाठी पण उघडा

लहानपणीची पुस्तकं मोठेपणी परत वाचायची ही ज्याची त्याची घरगुती हौस, असं सगळे धरून चालतात. मला ते अजिबात पटत नाही. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात तरी ही सगळ्यांच्या कामाची गोष्ट आहे आणि वाचनालयांनी, ग्रामपंचायतींनी, गावोगाव संमेलनं भरवणाऱ्या मंडळींनी त्यात लक्ष घातलं पाहिजे असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. कारण साधं आहे बघा. इथं मुलांचं मराठी पुस्तक वाचनालयात टिकतं ते कुणीतरी घरी नेतं म्हणून टिकतं. मुलं नेईनाशी झालीत, बरीचशी इंग्रजी माध्यमात गेलीत, आणि आईबाप नेत नाहीत कारण त्यांना वाटतं आपलं ते वय गेलं. मग पुस्तक वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतं, पानं पिवळी पडतात, बाइंडिंग सुटतं, आमच्याकडचा पाऊस तर माहीतच आहे, जून ते सप्टेंबर कपाटात नुसती ओल, आणि एक दिवस जीर्ण पुस्तकांच्या यादीत नाव लागून निर्लेखन होऊन ते रद्दीत जातं. त्याच्या जागी दुसरी प्रत येत नाही, कारण रजिस्टरला मागणीच दिसत नाही.

म्हणजे ज्यांनी ही पुस्तकं लहानपणी फाटेपर्यंत वाचली तेच आता ती वाचवू शकतात, आणि नेमके तेच बालविभागाकडं फिरकत नाहीत.

आता कुणी म्हणेल की पुस्तक वाचवायचं म्हणून वाचायचं का? तसं नाही हो. तशी सक्तीची वाचनं दोन दिवसांत गळतात. ही पुस्तकं मोठेपणी खरंच वेगळी लागतात, आणि जे लागतं ते लहानपणी कळण्यासारखं नव्हतंच, म्हणून वाचायची. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ घ्या. नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत त्यांनी ते लिहायला घेतलं, पुढं अत्र्यांनी त्यावर काढलेल्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सुवर्णपदक मिळालं, एवढं सगळ्यांना पाठ असतं. लहानपणी आपण ते कसं वाचलं? आई चांगली, श्याम हट्टी, आई समजावते, श्याम रडतो, आपण पण रडतो. मला तर तेव्हा वडील फारसे दिसलेच नव्हते. आता वाचताना जवळजवळ प्रत्येक पानावर कर्ज दिसतं. एकेकाळी खोताचं घर, मग भाऊबंदकी, मग सावकार, मग दारात येऊन अपमान करणारा वसुलीचा माणूस, आणि त्यात हे आईबाप घरातली भांडीकुंडी आणि अब्रू दोन्ही सांभाळत मुलांना वाढवतायत. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणी नरक’ असं एका प्रकरणाचं नावच आहे, ते लहानपणी मी नुसतं ओलांडून गेले असणार. आज आमच्या भागात ऊसबिलाची वाट बघणारी, सोसायटीचं कर्ज नवंजुनं करणारी घरं गावोगाव आहेत, त्या घरातल्या माणसाने हे प्रकरण चाळिशीत वाचलं तर त्याला ते संस्काराचं पुस्तक वाटणारच नाही, त्याला ते आपल्या घरचं वाटेल.

किंवा ती अळणी भाजी. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता जेवतात, मुलंही वडिलांकडं बघून गप्प जेवतात, आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. शाळेत यावर प्रश्न यायचा, या प्रसंगातून कोणता बोध मिळतो, आणि आपण लिहायचो जिभेवर ताबा. लग्न होऊन वीस वर्षं झालेल्या माणसाने हे वाचावं. त्यात दोन माणसांचं एकमेकांना जपणं आहे, आणि तिचं ते नंतरचं खंतावणं आहे की मला कुणी सांगितलं का नाही. सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईला स्वयंपाक कसा झालाय हे सगळ्यात शेवटी कळतं, हेही त्यातच आहे. हे सगळं त्याच अक्षरांत होतं, एक शब्द बदललेला नाही.

आणि जे टोचतं तेही मोठेपणीच टोचतं. मोळी घेऊन आलेल्या म्हाताऱ्या महार बाईला मोळी उचलू लागायला आई श्यामला पाठवते, त्या काळात ती मोठीच गोष्ट, पण परत आल्यावर आंघोळ कर असंही सांगते. लहानपणी आपल्याला फक्त दया दिसली होती. आज ती आंघोळ दिसते. काही लोक म्हणतात असली पुस्तकं आता मुलांना देऊच नयेत, जुने विचार आहेत, जात आहे, बाईने सोसायचं आहे. त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही, पण पुस्तक कपाटातून काढून टाकून ते जुने विचार समाजातून जात नाहीत. मोठ्या माणसाने ते आधी स्वतः वाचावं, तिथं थांबावं, आणि मग मुलीला वाचून दाखवताना तिथंच विचारावं की ही आई चांगली आहे ना, मग तिनं आंघोळ कर असं का सांगितलं? असा प्रश्न कुठल्याही गाइडात नसतो. पण तो विचारायला आधी आपण ते पान मोठ्या डोळ्यांनी वाचलेलं पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणीवर पुस्तक मुलांच्या हातात दिलं की आपण फक्त डोळ्यात पाणी आणणारी आठवण देतो, पुस्तक देत नाही.

आता खास आमच्या मातीचं. इंदिरा संतांची ‘गवतफुला’ ही कविता महाराष्ट्रात लाखो पोरांनी तालात घोकली असेल, पण ती लिहिणारी बाई बेळगावात राहिली, इथल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होती, लहानपण निपाणीजवळच्या तवंदीत गेलं, हे आमच्याच पोरांना माहीत नसतं. त्या कवितेत माळावर पतंग उडवणारा मुलगा आहे, त्याला गवतातलं इवलंसं फूल दिसतं आणि तो पतंग विसरतो, मित्र विसरतो. पुढं तो म्हणतो मलाही लहान व्हावंसं वाटतं, तुझ्याहूनही लहान. लहानपणी आपण हे म्हणताना आपण लहानच होतो, म्हणून ती इच्छा आपल्याला जाणवली नाही. मोठेपणी वाचलं की त्या ओळीवर अडायला होतं. आणि त्यात हेही आठवतं की त्यांचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले, दोघांचा मिळून ‘सहवास’ नावाचा संग्रह १९४० साली आला होता, आणि मग या बाईने नोकरी करत मुलं वाढवत इथंच बेळगावात आयुष्य काढलं. मुलांसाठी लिहिलेल्या एवढ्या हलक्या कवितेमागं असलेली ती बाई आपल्याला आता दिसते. कविता त्याने जड होत नाही, पण आपण ती आता हळू वाचतो.

त्यांचाच मुलगा प्रकाश नारायण संत. त्यांच्या लंपनच्या गोष्टी मुलांच्या की मोठ्यांच्या यावर उगाच वाद घालतात लोक. ‘वनवास’ १९९४ ला आलं. सीमेवरच्या गावात आजी-आजोबांकडं राहणारा मुलगा, आणि त्याच्या तोंडी आमची ही अशी मराठी, मध्येच कानडी शब्द येणारी, पुण्याच्या कुठल्याच धड्यात न आलेली. ज्यांनी ते शाळेत असताना वाचलं ते आता चाळिशीत आहेत. त्यांनी परत वाचावं आणि बघावं, आईवडिलांपासून लांब ठेवलेल्या मुलाचं ते पुस्तक आहे हे तेव्हा किती जाणवलं होतं? मला विचाराल तर तेव्हा मी फक्त गमतीजमती वाचल्या होत्या, त्याची मैत्रीण सुमी वाचली होती, आजीचं बोलणं वाचलं होतं. नावातच वनवास आहे तरी.

पुण्यामुंबईचे लोक बालपण आठवतात तेव्हा सगळे मिळून बालभारती आठवतात. अमुक इयत्तेतला तमुक धडा, लगेच शंभर लोक हो हो म्हणतात. आमच्याकडं तसं नाही. राज्य पुनर्रचना झाली १९५६ ला, बालभारती स्थापन झाली १९६७ ला, त्याआधीच आम्ही कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेलो होतो, इथल्या मराठी शाळांची पुस्तकं कर्नाटक सरकारची. म्हणजे मराठी असून आमचं क्रमिक पुस्तक वेगळं, त्यातल्या कविता वेगळ्या, आणि त्या आठवायला सोबत करणारी माणसं पण फक्त एवढ्या दोन-चार तालुक्यांतली. बालभारतीने जुनी पाठ्यपुस्तकं स्कॅन करून ठेवलीत, ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक फुकट वाचायला ठेवलेत, हे फार मोठं काम आहे आणि ज्यांना माहीत नसेल त्यांनी आजच बघावं. पण कर्नाटकातल्या मराठी शाळांची १९७०, १९८० च्या काळातली पुस्तकं अशी एका जागी ठेवलेली माझ्या तरी पाहण्यात नाहीत. ती आहेत ती कुणाच्या तरी माळ्यावर, ट्रंकेत. एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने विद्यार्थ्यांना सुट्टीत आपापल्या गावी ती हुडकायला लावली तर काय बिघडेल? प्रोजेक्ट म्हणून काहीतरी कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा ते लाख पटीने बरं.

आणि आमच्या बालपणात कानडीही आहे, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण हा विषय निघाला की लोक लगेच दोन बाजूंना उभे राहतात. पुण्यकोटी गाईचं गाणं आम्ही कानडीच्या तासाला शिकलो. वाघाने अडवल्यावर ती म्हणते वासराला दूध पाजून परत येते, आणि शब्द पाळून खरंच परत येते, शेवटी वाघालाच लाज वाटते आणि तो जीव देतो. लहानपणी सत्य बोलावं एवढाच अर्थ. पण त्यात मध्ये एक जागा आहे, ती गाय बाकीच्या गाईंना आपलं वासरू सोपवते, आणि सांगते की ते पुढं आलं तर शिंग मारू नका, मागं आलं तर लाथ मारू नका. आई झाल्यावर, किंवा पोरगं पहिल्यांदा हॉस्टेलला सोडून येताना, या दोन ओळी ज्याला आठवतील त्याला मी काय सांगायला नको. कानडीच्या परीक्षेपुरतं म्हणून आम्ही ते पाठ केलं आणि परीक्षा झाली की टाकून दिलं, ते आता कुणी जबरदस्ती करत नसताना परत वाचण्यासारखं आहे. साने गुरुजींचं आंतरभारतीचं स्वप्न होतं, एकमेकांच्या भाषा शिकायच्या, एकमेकांचं वाचायचं. त्यांचं पुस्तक छातीशी धरायचं आणि हे विसरायचं असं कसं चालेल.

चांदोबाचंही तसंच. मद्रासहून निघायचा, तेलुगू-तमिळ १९४७ ला सुरू झाला, मग कानडी, आणि मराठी १९५२ ला. म्हणजे आमच्या गल्लीत एका घरी मराठी चांदोबा आणि शेजारच्या घरी कानडी चंदमामा, आणि चित्रं तीच, खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला तोच विक्रमादित्य. दोन घरची पोरं एकाच चित्रावर वेगवेगळ्या भाषेत बोलायची. हे असं दुसरीकडं कुठं झालं असेल मला माहीत नाही पण आमच्याकडं झालं, आणि त्या पिढीतली माणसं अजून आहेत, साठीत-सत्तरीत आहेत. त्यांना एकत्र बसवून जुने दोन्ही अंक समोर ठेवले तर जे बोलणं होईल ते कुठल्याही भाषिक सलोख्याच्या भाषणापेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं.

आता हरकती. पहिली, हे सगळं गतकाळात रमणं आहे. रमणं वेगळं, हो. पुस्तकाचं कव्हर मोबाइलवर टाकून ‘ते दिवस’ लिहिणं हे रमणं, पुस्तक उघडावंच लागत नाही त्यात. परत वाचताना उलट होतं, अर्धी पुस्तकं आवडत नाहीतच. काही साहसकथा मला आता चार पानांच्या पुढं गेल्या नाहीत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र आजही धावतोय, त्याची वाक्यं बघा किती तोकडी आणि चपळ आहेत, मुलांसाठी लिहिणं म्हणजे काय ते त्यावरून शिकावं. नाथमाधवांचं ‘वीरधवल’ भाषेने जड झालंय, पण सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखाली लुळ्या झालेल्या माणसाने अंथरुणावरून ही सगळी घोडदौड लिहिली हे कळल्यावर मी ते निराळ्या आदराने वाचलं. कुठलं टिकलं कुठलं नाही हे वाचल्याशिवाय कळत नाही, आणि मुलांना काय द्यायचं हे त्यातूनच ठरतं.

दुसरी हरकत, सगळं पीडीएफ मिळतं. मिळतं, पण ज्याला नाव माहीत आहे त्याला. शाळकरी पोराला ‘गोट्या’ हे नावच माहीत नसेल तर तो काय टाइप करणार? कपाटासमोर उभं राहिलं की नाव माहीत नसलेलं पुस्तक हाताला लागतं. शिवाय यातली बरीच पीडीएफं चोरीची असतात, ज्यांचे हक्क अजून लेखकाच्या घरच्यांकडं आहेत त्यांची.

हक्कांचं थोडं सांगते कारण त्यात करण्यासारखं आहे. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं हयातीत छापलेलं लेखन कुणीही छापू शकतं. ‘श्यामची आई’ कुठंही स्वस्तात मिळतं, त्याची काळजी नाही, पण त्यांच्या बाकीच्या मुलांच्या गोष्टी किती घरांत आहेत? नाथमाधव तर १९२८ लाच गेले. ‘गोट्या’वाले ना. धों. ताम्हनकर १९६१ ला गेले, त्यांचंही आता मोकळं. भागवत २००१ ला गेले, त्यांचं अजून बरीच वर्षं नाही. आमच्याकडं कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, बेळगुंदी, सांबरा, तिकडं कारदगा, माचीगड, एवढी ग्रामीण साहित्य संमेलनं होतात, लोक वर्गणी काढून मांडव घालतात, ग्रंथदिंडी काढतात, याचा मला अभिमान आहे. यातल्या एका संमेलनाने दरवर्षी हक्कमुक्त झालेलं एक जुनं मुलांचं पुस्तक छापलं, मोठ्या टायपात, म्हणजे आजोबांना चष्मा काढघाल न करता वाचता येईल असं, तर खर्च स्मरणिकेएवढाच. जुन्या आवृत्तीतली चित्रं मात्र तशीच उचलू नयेत, चित्रकाराचा हक्क वेगळा असतो, गावातल्या ड्रॉइंगच्या सरांकडून नवी काढून घ्यावीत. आणि परिसंवादात दरवेळी मराठीचं भवितव्य घेण्यापेक्षा एकदा चार वेगवेगळ्या वयाच्या माणसांनी एकच बालपुस्तक परत वाचून यावं आणि त्यावर बोलावं.

पैशाचा प्रश्न येतोच, तर घरपट्टीची पावती काढून बघा. त्यात ग्रंथालय कर असतो, घरपट्टीवर सहा टक्के. कर्नाटकात १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यापासून हा कर आहे, महाराष्ट्रात असा कर नाही, तिथं अनुदान आहे. म्हणजे आम्ही मराठी लोक वाचनालयासाठी दरवर्षी पैसे भरतोय. ग्रामपंचायतींची वाचनालयं २०१९ पासून पंचायत राज खात्याकडं आली, त्यांना आता अरिवु केंद्र म्हणतात, सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना तिथं फुकट सभासदत्व आहे. योजना चांगली आहे. ज्या गावात मराठी मुलं आहेत तिथल्या केंद्रात मराठी बालपुस्तकं पण ठेवा, एवढी मागणी ग्रामसभेत करता येते, अर्ज कन्नडमध्ये लिहून द्या, त्यात काही कमीपणा नाही, काम होणं महत्त्वाचं. सोबत पुस्तकांची नावं द्या, नुसतं मराठी पुस्तकं पाहिजेत म्हटलं की स्पर्धा परीक्षेची गाइडं येतात. आणि नावं कुठून येणार? ज्यांनी ती परत वाचलीत त्यांच्याकडूनच.

शहरातल्या आणि तालुक्याच्या जुन्या वाचनालयांना माझी वेगळी विनंती आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, म्हणजे इथं वाचनालयाची परंपरा पावणेदोनशे वर्षांची, आम्ही काय नव्याने शिकत नाही. पण बऱ्याच ठिकाणी बालविभागाचं कार्ड वेगळं असतं, मुलाच्या नावावर, मोठ्या सभासदाला त्या कपाटातलं पुस्तक मिळत नाही किंवा मागायला संकोच वाटतो. हा नियम एक वर्ष बाजूला ठेवून बघा. मोठ्या माणसाला त्याच्याच कार्डावर, जादा वर्गणी न घेता, बालविभागातलं पुस्तक द्या. देवघेवीच्या काउंटरवर तशी पाटी लावा. त्या वर्षात बालविभागातलं एकही मराठी किंवा कन्नड पुस्तक निर्लेखनाच्या यादीत घालू नका, सुटलेली तेवढी बाइंडिंगला पाठवा, आणि वर्ष संपल्यावर रजिस्टर उघडून कार्यकारिणीसमोर ठेवा, मग यादी करायची की नाही ते ठरवा.